तासभर गोरिला की दिवसभर माळरान?

दुबईहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे अम्मीच्या घरी शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बसलो होतो. ईदचा दिवस, म्हणून फोन स्पीकरवर. मुबारकबाद झाल्यावर तो म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत तुम्हा सगळ्यांना आफ्रिकेला न्यायचं ठरवलंय. पण एक काहीतरी ठरवा. केनियात गाडीतून सिंह, हत्ती बघायचे की युगांडाच्या जंगलात चालत जाऊन गोरिला? दोन्हीचा खर्च मला झेपणार नाही."

अब्बा-अम्मीचा उमरा दोन वर्षांपूर्वीच झाला होता. त्यामुळे "आधी तो, मग बाकीचं" असं म्हणायला कुणाला जागा नव्हती. माझा तेरा वर्षांचा मुलगा लगेच ओरडला, "सिंह!" बारावी सायन्सला असलेली मुलगी म्हणाली, "गोरिला." अम्मीचं म्हणणं साधं होतं, "जिथं कमी चालायचं असेल तिथं." आता अब्बाही सिंहाच्या बाजूने बोलतील असं आम्हाला वाटलं होतं. सदुसष्ट वर्षांचे अब्बा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बसल्या जागेवरून जग बघायची त्यांना आयुष्यभराची सवय. पण ते म्हणाले, "गोरिला. हरणं-बिरणं मी स्टिअरिंगवरून तीस वर्षं बघितली. आता पायांनी जाऊन काहीतरी बघायचंय."

त्या एका वाक्याने आमच्या घरात चार महिने चर्चा चालली. आज अनेक घरांतली मुलं आखाती देशांत कमावतात आणि आईवडिलांना कुठेतरी फिरवून आणावं असं त्यांना वाटतं. म्हणून आम्ही काय शोधलं, काय हिशेब केला आणि शेवटी काय ठरवलं, ते इथे लिहिते आहे.

दोन सहली, दोन स्वभाव

आधी मला वाटायचं, प्राणी बघणं म्हणजे प्राणी बघणं. त्यात निवडायचं काय? वाचत गेले तसं कळलं, की या दोन सहलींत लग्नाचा वलीमा आणि एखाद्या बुजुर्गाची भेट यांच्याइतका फरक आहे.

केनियातलं मसाई मारा हे मोकळं गवताळ रान. क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातल्या दीड तालुक्याएवढं. नैरोबीहून पाच-सहा तासांचा रस्ता. तिथे उघड्या छताच्या गाडीतून सकाळ-संध्याकाळ फिरायचं. गाडीतून खाली उतरायची परवानगी नसते, उतरायची गरजही नसते. हत्ती, जिराफ, झेब्रे, सिंह, तरस असं जे नजरेच्या टप्प्यात येईल ते बघायचं. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियाच्या सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे प्रचंड कळप गवताच्या मागावर इकडे येतात. या फिरत्या कळपांत दहा लाखांहून अधिक जनावरं असतात. आज काही दिसलं नाही तर उद्या दिसतं.

गोरिलाचं तसं नाही. डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक, युगांडा, रवांडा आणि काँगो यांच्या सीमेवरचे विरुंगा पर्वत. दुसरं, युगांडातलं ब्विंडीचं जंगल. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात हा गोरिला नाही. त्याला भेटायचं तर त्याच्या दारात जावं लागतं. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला जास्तीत जास्त आठ पाहुणे. सापडल्यावर फक्त एक तास. अंतर दहा मीटर, तोंडाला मास्क. आणि तो तास मिळवण्यासाठी ओल्या, चिखलाच्या, वेलींनी भरलेल्या चढावर कधी एक तास, तर कधी सहा-सात तास चालायचं. ब्विंडीचं जंगल समुद्रसपाटीपासून सुमारे १,१६० ते २,६०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, यावरून अंदाज यावा.

अम्मीला हे सगळं वाचून दाखवलं. ती घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, "एक घंटे के वास्ते इत्ता पैसा?"

कागदावरचा हिशेब

पैसा खरंच किती, तेही बघितलं. युगांडात परदेशी पाहुण्याला गोरिला पाहण्याचा परवाना ८०० डॉलरला पडतो, रवांडात १,५०० डॉलरला. यात विमान, मुक्काम, जेवण काही नाही. केवळ त्या एका दिवसाचा परवाना. डॉलर ८७ रुपये धरला तर युगांडातला एक तास सुमारे ७० हजारांचा.

मसाई मारात जानेवारी ते जून मोठ्या माणसाला दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. आम्ही जाणारे सहा जण: अब्बा, अम्मी, मी, माझे पती आणि दोन मुलं. भावाचा खर्च त्याचा वेगळा. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचं शुल्क १,८०० डॉलर, म्हणजे दीड लाखाच्या थोडं वर. हीच सहल मे महिन्यात केली तर १,००० डॉलर, सुमारे ८७ हजार. पण मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. रस्ते चिखलाचे आणि गवत उंच. शुल्क कमी असण्यालाही कारण असतं.

गोरिलासाठी आमच्या सहा जणांचे परवाने ४,८०० डॉलर होतील, असं मी वहीत लिहिलं. पण हा आकडा चुकीचा होता. कारण पंधरा वर्षांखालच्या मुलांना गोरिला बघायला जाऊच देत नाहीत, ना युगांडात, ना रवांडात. गोरिला आपल्या इतके जवळचे, की माणसाचा सर्दी-खोकला त्यांना लागू शकतो. म्हणून मुलांवर बंदी, आणि मोठा माणूसही खोकताना दिसला तर त्याला परत पाठवतात. ज्या टूरवाल्याने आम्हाला घाईघाईने दरपत्रक पाठवलं होतं, त्याने मुलाचं वय विचारलंही नव्हतं. आधी पैसे भरले असते तर माझा मुलगा दिवसभर हॉटेलात बसला असता आणि त्याच्याजवळ मीही.

म्हणजे गोरिलाकडे पाचच जण जाऊ शकत होते. त्या पाचांत अब्बा होते का, हा खरा प्रश्न होता. तो मात्र कुणी उघड विचारत नव्हतं.

नायगावचा चढ

युक्ती मुलीने काढली. ती म्हणाली, "आपण आधी इथेच करून बघू. एक दिवस डोंगर, एक दिवस माळ."

आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतलं सुमारे ३० चौरस किलोमीटरचं हे रान १९९४ मध्ये मोरांसाठी राखीव झालं. मांजरसुंब्यावरून पाटोद्याकडे जाताना ते लागतं. अब्बांनी त्या रस्त्याने हजारो फेऱ्या मारल्या, पण आत पाय ठेवला नव्हता. जुलैच्या शेवटी, मोरांचे पिसारे भरात असताना, आम्ही वनखात्याच्या माणसाला सोबत घेऊन पहाटे आत शिरलो. रात्री पाऊस झालेला. काळी माती चपलांना चिकटत होती. वरच्या अंगाला मोर ओरडत होता आणि आम्ही त्या आवाजामागे चढत होतो.

अर्ध्या-पाऊण तासाने अब्बा एका कडुनिंबाखाली बसले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले, "मी जरा मोबाईल बघतो."

आम्ही पुढे गेलो. थोड्या वेळाने माझ्या मुलीने फोटोसाठी फोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. तिथे रेंजच नव्हती.

मोर दिसला. एका खडकाच्या कडेवर, पिसारा अर्धवट उघडलेला. दोन-तीन मिनिटं थांबला आणि झाडीत उतरला. चालण्याचं सार्थक व्हावं असाच तो होता, हे मी खोटं कशाला सांगू? दमून, भिजून मिळालेल्या त्या दोन मिनिटांची गोडी गाडीच्या काचेतून मिळत नाही. गोरिलासाठी लोक एवढे पैसे का मोजतात, ते मला त्या खडकापाशी कळलं. पण परत आलो तेव्हा अब्बांनी मुलीला शेजारी बसवलं आणि विचारलं, "दिसला? कसा होता? कुठून आला?" एकेक गोष्ट त्यांनी तिच्याकडून ऐकून घेतली. मला मात्र त्यांच्या गुडघ्यावर घट्ट दाबून धरलेला हात तेवढा दिसत होता.

त्या रात्री जामखेडला नातेवाइकांकडे मुक्काम होता. तिथे अम्मीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं. आठ महिन्यांपासून अब्बा दुखण्याच्या गोळ्या घेत होते. मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढत होते. आम्हाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी तिला ताकीद दिली होती. "पायांनी जाऊन काहीतरी बघायचंय" या त्यांच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला. पाय आहेत तोवर, असं त्यांना म्हणायचं होतं.

रेहेकुरीचा माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतकडे निघालो. तिथलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, १९८० सालचं. अभयारण्याच्या अलीकडेच अब्बांनी माझ्या पतींच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. उजवीकडे, त्या बाभळीच्या मागे."

आम्हाला काहीच दिसेना. मग एक काडी हलली असं वाटलं, ती शिंगं होती. पिळाची, लांब. काळा नर आणि त्याच्यामागे बदामी रंगाच्या माद्या. एक मादी उगाचच उंच उडाली आणि तिच्यामागे सगळा कळप तसाच उड्या घेत निघाला. मुलगा मोबाईल विसरून मोजायला लागला. अम्मी मागच्या सीटवर थर्मासमधला चहा ओतत होती आणि अब्बा बोलत होते: पहाटेच्या गाडीला ते कुठे रस्ता ओलांडायचे, काळा नर पुढाकार घेतो तेव्हा माद्या कशा थांबतात, एकदा हेडलाइटच्या उजेडात लांडगा कसा दिसला होता. तीस वर्षांत यातलं काहीच त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

आदल्या दिवशी डोंगरात जो माणूस मागे राहिला होता, तोच माळावर आमचा वाटाड्या झाला होता. माझा निर्णय तिथेच झाला. अजून बोलले मात्र नव्हते.

एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. आपण ज्याला पडीक म्हणून नाक मुरडतो, तो माळ म्हणजे आफ्रिकेच्या सव्हानाचाच भाऊबंद आहे. विरळ बाभळी, गुडघाभर गवत आणि त्यावर जगणारे कळप, मांडणी तीच. इथे एके काळी घनदाट जंगल होतं आणि माणसाने ते तोडलं, असा समज आहे. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुन्या मराठी ग्रंथांत आणि ओव्यांत आलेल्या झाडांची नावं तपासली. पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळरानंच होती, असं त्यातून दिसलं. आफ्रिकेला जाणं जमणार नसेल, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. रेहेकुरी आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वनखात्याने माळरानाची सफारीही सुरू केली आहे.

थांबू शकतं कोण?

घरी आल्यावर भावाला फोन लावला. त्याने आणखी एक माहिती काढून ठेवली होती. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गोरिलाच्या जंगलात डोलीची सोय असते. गावातली माणसं खुर्चीत बसवून, खांद्यावर उचलून वर नेतात. पैसे वेगळे पडतात, पण त्या गावकऱ्यांना रोजगार मिळतो. आम्ही आशेने अब्बांकडे पाहिलं.

अब्बा हसले. "चौघांच्या खांद्यावर मला एकदाच जायचंय. त्याची रंगीत तालीम नको."

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. मग मुलगीच म्हणाली, "नाना, गोरिला थांबतील." आणि तिने आकडे सांगितले. १९८१ मध्ये विरुंगा पर्वतांत केवळ २५४ गोरिला उरले होते. पहारा, पशुवैद्य आणि परवान्यांचा पैसा यांमुळे २०१५-१६ च्या मोजणीत ते ६०४ झाले. ब्विंडीकडचे ४५९ मिळवून जगातली संख्या १,०६३ वर गेली. २०१८ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीतून एक पायरी खाली, संकटग्रस्त यादीत आणलं गेलं. मोठ्या वानरांत हे भाग्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला क्वचितच आलं आहे. त्या महागड्या तासाने हे काम केलं, हे अम्मीलाही पटलं. अर्थात या यशाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथल्या बटवा आदिवासींना पिढ्यान्पिढ्यांचं जंगल सोडावं लागलं. जाणाऱ्याने हेही माहीत करून घेऊन जावं.

मुलीच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता: गोरिला वाढताहेत, अब्बांचे गुडघे मात्र वाढत नाहीत. दोन वर्षांनी भाऊ पंधरा वर्षांचा होईल, तेव्हा दोघं मामूबरोबर युगांडाला जातील. मामूने ते कबूल केलं आहे, आणि दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी काढायलाही सुरुवात केली आहे. यंदा दिवाळीत आम्ही सगळे मसाई माराला जातोय, इन्शाअल्लाह. ड्रायव्हरच्या शेजारची सीट अब्बांची.

निघण्यापूर्वी

या सगळ्यात जे हाती लागलं, ते थोडक्यात सांगते. दोन्हींतलं काहीही निवडलं तरी पिवळ्या तापाची लस टाळता येत नाही. केनिया किंवा युगांडाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर फार विचार करतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी आईवडिलांना डॉक्टरांकडे न्या. आम्ही नेलं, तपासण्या झाल्या, मगच पुढे गेलो. डॉक्टर नाही म्हणाले असते तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर उद्यान आम्ही मनात धरून ठेवलं होतं. तेही सव्हानाच, चांगले डांबरी रस्ते आणि तिकडून परतताना या लसीची अट नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र सगळीकडेच विचारून घ्यावं.

ज्यांचे गुडघे आणि खिसा दोन्ही मजबूत आहेत, घरात पंधराच्या आतलं मूल नाही, त्यांनी खुशाल दोन्ही एका फेरीत करावं. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांसाठी मिळून १०० डॉलरचा, ९० दिवसांचा एकच पर्यटक व्हिसा मिळतो. गोरिलासाठी जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने बरे. परवाने दिवसाला मोजकेच असतात, त्यामुळे काही महिने आधी घ्यावे लागतात.

खाण्याची चिंता अम्मीला होती. नैरोबीत हलाल जेवण सहज मिळतं आणि शहराच्या मध्यभागी मोठी जामिया मशीद आहे. जंगलातल्या मुक्कामी मात्र आधी कळवून ठेवावं. आणि एक छोटी गोष्ट, जी मुलाने नकाशावर बोट ठेवून शोधली: आपल्याकडे किबला पश्चिमेला, पण केनियात मक्का जवळजवळ सरळ उत्तरेला येते.

अब्बांनी ते ऐकलं आणि त्याला विचारलं, "मग सूर्य कुठून उगवतो तिथं?" "पूर्वेकडूनच, नाना," तो म्हणाला. "बरं झालं," अब्बा म्हणाले. "तेवढं कळलं की जनावर कुठे उभं असेल ते मी सांगतो."

आता मशिदीत ते खुर्चीवर उघडपणे बसतात. आणि रोज संध्याकाळी दोन्ही नातवंडं त्यांच्याजवळ बसून बीड-पाटोदा-जामखेड रस्त्यावरच्या पहाटेच्या गाडीच्या गोष्टी ऐकतात.